सेप्टिक टाकीचा जाणकार

गुंजीसारख्या गावात घराला विजेची जोडणी घ्यावयाची झाली, तर शासनाचा परवाना असलेल्या तंत्रज्ञाची सही लागते. त्याच घराच्या परसात सेप्टिक टाकी बांधणाऱ्या गवंड्याला मात्र कोणी कागद विचारीत नाही. तारा चुकल्या तर दिवा लागत नाही, हे त्याच रात्री कळते. टाकी चुकली, तर तिचे पाणी विहिरीत केव्हा पोहोचले हे कित्येकदा घरातले मूल आजारी पडेपर्यंत उमगत नाही.

खानापूरहून लोंढ्याकडे जाताना लोहमार्गावर लागणारे हे माउली देवीचे गाव पावसाच्या पट्ट्यातले. अशा ठिकाणी भूमी पाहूनच काम करावे लागते. टाकी मैला पचविते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. जड गाळ तळाशी बसतो, स्निग्ध साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर पडते. ते दिसावयास निवळ, पण रोगजंतूंनी भरलेले असते. त्याचे खरे शुद्धीकरण शोषखड्ड्याभोवतालच्या मातीत व्हावयाचे. जांभ्याच्या भेगांतून ते पुरते गाळले न जाता धावते. उलट, कुंभाराच्या चाकावर गुणाची ठरणारी खानापूरची चिकण माती त्याला वाटच देत नाही. म्हणूनच भारतीय मानक २४७० मध्ये जमिनीची परीक्षा सांगितली आहे : खड्ड्यात पाणी ओतावे आणि पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास किती वेळ लागतो ते मोजावे. पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर अंतर राखण्याचाही नियम त्यात आहे. वैशाखात घेतलेले माप आषाढात खोटे ठरू शकते, हे मात्र अनुभवी माणसानेच ओळखावयाचे.

बांधणाऱ्याची चूक पाण्यात उतरते. उपसणाऱ्याची चूक त्याच्याच प्राणावर बेतते. बंद टाकीतील हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यांचा वास असतो. पण मात्रा वाढली की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस उतरतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. संरक्षक साधनांवाचून कोणास टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली. तरीही, पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या माथी मारलेल्या या कामाला विद्या लागते, हे मानावयास समाज अजून तयार नाही.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात अशा टाक्या बसविणाऱ्यास व तपासणाऱ्यास राज्याच्या मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते टिकविण्यासाठी पुनःपुन्हा शिकावेही लागते. भारतात २०२३-२४ पासूनच्या ‘नमस्ते’ योजनेत सफाई कामगारांची नोंद, प्रशिक्षण व संरक्षक साधने यांची तरतूद झाली. पण ती आखली गेली नागरी स्वराज्य संस्थांसाठी. ग्रामपंचायतीच्या हद्दीतला उपसणारा तिच्याबाहेरच राहतो.

गावच्या गवंड्याची आणि उपसणाऱ्याची परीक्षा घ्यावयाचीच, तर ती वर्गात नको. एखाद्या परसात, विहिरीच्या काठी, भर पावसाळ्यात घ्यावी. गवंड्याने तेथे पाणी ओतून घड्याळ लावावे. उपसणाऱ्याला पहिला प्रश्न असा असावा : घरमालक म्हणतो, ‘‘उतर रे, दोनच मिनिटांचे काम आहे’’, तेव्हा तू काय करशील?