पाटी आणि घर



२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा-सौंसरच्या पाट्या बदलल्या, घरे तिथेच राहिली. संगणकात काही नावे म्हणजे भलत्याच घराकडे नेणाऱ्या पाट्या. त्यांना सिम्बॉलिक लिंक म्हणतात.

सौंसरच्या आज्यांच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. जुन्या फाइली पुसणारा माझाच सी-प्रोग्राम ‘सीएचडिर’ने नावावर विसंबून अशा लिंकमागे गेला आणि ओव्या पुसून आला.

आता मी मार्गातली एकेक डिरेक्टरी ‘ओपनॲट’ने उघडतो. सोबत ‘ओ-नोफॉलो’ दिले, की लिंक उघडतच नाही. ते फक्त शेवटचे नाव तपासते, म्हणून एकेक पायरी. मग उघडलेल्या त्याच डिरेक्टरीत ‘एफसीएचडिर’ने जातो, मधेच पाटी बदलली तरी चुकत नाही.

त्यांतल्या दोन आज्या आता नाहीत.