उतरलेली की संपलेली?

(अंबरपेठेतील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गाडीच्या बॅटरीवर बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या काकांनी आत येतानाच विचारलं, "आज काही विकायला आणलंय का?" (हशा) नाही काका, तुमची एक खरेदी थांबवायला आलोय. तीन वर्षं झाली, बदला बॅटरी, हा सल्ला मला मान्य नाही. वय बिलावर दिसतं, ताकद मोजावी लागते.

शिशाच्या पट्ट्या, सल्फ्युरिक आम्ल, सहा कप्पे मिळून बारा व्होल्ट, हे सगळं शाळेत झालंय. 1859 साली प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेल्या युक्तीवरच आपल्या गाड्या आजही सुरू होतात, एवढं सांगून पुढे जातो.

उतरलेली बॅटरी वेगळी आणि संपलेली वेगळी. सकाळी सेल्फ मारला, नुसतं टिक-टिक झालं, तर सेल्फला पुरेशी वीज पोचली नाही एवढंच कळतं. आधी टर्मिनल बघा. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट आवळा. मग रात्रभर उभ्या गाडीला मल्टिमीटर लावा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी म्हणजे निकामी नव्हे! चार्जरवर पूर्ण भरा, काही तास तशीच राहू द्या आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. 10 च्या वर टिकला तर चालू द्या. पूर्ण भरूनही 9.6 च्या खाली कोसळला, तर तिची बाजू मी घेणार नाही.

आमच्या मेहुण्यांचं सांगतो. वर्षात दोन नव्या बॅटऱ्या! गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बंद. दुकानदार म्हणे माल खराब, मेस्त्री म्हणे डायनॅमो. इंजिन चालू असताना मीटर लावला तर 14.2 व्होल्ट, म्हणजे डायनॅमो ठणठणीत. मग रात्री चाळा सुचला. मोबाइलचं शूटिंग चालू करून तो डिकीत ठेवला आणि डिकी लावली. बाहेर काढून बघतो तर डिकीतला दिवा जळतोच आहे! झाकणाचा खटका दबतच नव्हता. पाच वॅटचा दिवा म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी पस्तीसची. करा हिशेब. पहिली बॅटरी दुकानात मोडीत देऊन झाली होती. तिच्यात काही दोष होता असं मला वाटत नाही. ("खटका केवढ्याला पडला?" – श्रोत्यांतून) वाकलेली पट्टी सरळ केली, झालं. (हशा)

डावीकडच्या वहिनी म्हणतात, रात्री लेकरांना घेऊन सहा नंबरच्या चौकात गाडी बंद पडली तर? तुमचे मल्टिमीटर काय कामाचे? वहिनी, भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण वयावर विसंबलं तर वर्षाची बॅटरीही त्याच चौकात दगा देईल. मोजलेलं असेल तर आदल्या आठवड्यातच कळेल.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग ऊन राहिलं! आपल्या हैदराबादेत बॅटरीला खरा मार बसतो तो मे महिन्यात. उष्णतेने आतली जाळी झिजते, पाणी उडतं. डिसेंबरच्या गारठ्यात ती फक्त उघडी पडते. म्हणून तपासणी जूनमध्ये करा. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांतल्या आम्लाची घनता बघा. पाच कप्पे 1.260 आणि एक 1.150, आणि चार्ज करूनही तोच मागे, तर तो कप्पा गेला, बॅटरी बदला. पेटी फुगली असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर मोजत बसू नका, चार्जरही लावू नका.

आणि जुनी बॅटरी गल्लीतल्या भंगारवाल्याला नको. तो आम्ल गटारात ओततो, ते शेवटी आपल्याच मुसी नदीत जातं. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदार जुनी बॅटरी घेतो आणि तिची किंमत नव्या बिलातून वळती करतो. ती वळती झाली का, हे बिलावर बघून घ्या.