परदेशीं पडलेल्या आमच्या शिपायांचें स्मरण
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



देवळाच्या बांधणीविषयीं, शाळेविषयीं आणि ज्यांनीं ही पॅरिश घामानें उभी केली त्यांच्याविषयीं आज पुष्कळ बोललें गेलें, आणि तें योग्यच झालें. आमच्या वांट्यास आलेला विषय थोडा निराळा आहे. आपल्या मयतांच्या नोंदवहींत ज्यांस येथें मूठमाती मिळाली त्यांचीं नांवें आहेत. जे समुद्रापार गेले आणि तिकडेच पडले, त्यांस येथें पुरलें नाहीं, म्हणून लिहिलेंहि नाहीं. त्यांच्याविषयीं दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. त्यांत बहुतेक शेजारच्या आळींतले, अन्य धर्माचे. तरी ते आपल्याच वाटेनें बंदरावर गेले.

कोंकणांत व सातारा जिल्ह्यांत कित्येक गांवीं भिंतींत एक लहानशी संगमरवरी पाटी बसविलेली दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गांवाहून इतके पुरुष गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नांव नाहीं.

त्या युद्धांत परदेशीं गेलेल्या हिंदी माणसांपैकीं सर्वांत मोठा भाग मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत गेला. आमच्या आयाबायांच्या तोंडीं त्या साऱ्या मुलुखाचें एकच नांव होतें, बसरा. पुण्याची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालीं तैग्रिस नदीच्या कांठानें बगदादकडे निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफॉन येथें तिची गति खुंटली आणि माघार घेऊन ती कूत-अल-अमारा या गांवीं शिरली. ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा पडला. १०३, ११० आणि ११७ या नंबरांच्या मराठा पलटणी त्या वेढ्यांत होत्या. वेढा जवळजवळ पांच महिने चालला. अन्न संपत आलें तेव्हां घोड्यांचें मांस वाटूं लागले. हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं धर्मभयास्तव तें पुष्कळ दिवस घेतलें नाहीं. इकडे पिठाचें माप उतरत होतें आणि भाजीपाल्याच्या अभावीं स्कर्व्हीनें हिरड्या सुजून माणसें आडवीं होत होतीं. भुकेल्या माणसाच्या त्या नकारास हट्ट म्हणणारेहि पुढें निघाले. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. त्यांस सोडविण्यास आलेल्या फौजेचींच वीस हजारांवर माणसें ठार अगर जखमी झालीं. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत शरण गेलें. सुमारें तेरा हजार लोक कैद झाले, वाळवंटांतून चालविले गेले, आणि हिंदी शिपायांपैकीं कित्येकांस रास-अल-ऐन येथें रेल्वेच्या कामास लाविलें. त्या वाटेवर जे पडले त्यांच्या कबरी कोणीं खणल्या, खणल्या तरी कीं नाहीं, हें कोण सांगणार?

मेसोपोटेमियांत ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा चाळीस हजारांवर माणसांचें स्मारक बसरा येथें १९२९ सालीं खुलें झालें. गोऱ्या शिपायांचीं आणि हिंदी अंमलदारांचीं नांवें त्याच्या शिलांवर कोरलीं; हवालदारापासून खालच्या हिंदी शिपायांचा पलटणवार केवळ आकडा घातला. असे तीस हजारांहून अधिक. ज्या कमिशननें हें केलें त्याचें ब्रीद मात्र हुद्दा, वंश व धर्म न पाहतां सर्वांस समान मान, असें होतें. आणि त्याच कमिशननें फ्रान्समध्यें नव्ह शापेल येथें १९२७ सालीं ४,७०० वर हिंदी नांवें दगडांत कोरविलीं होतीं! म्हणजे साधत नव्हतें असें नाहीं. फ्रान्सच्या चिखलांत मेला त्यास नांव, बसऱ्याच्या वाळूंत मेला त्यास आकडा. २०२१ सालीं त्या कमिशननें चौकशी करून ही विषमता छापून कबूल केली व क्षमा मागितली. ती आम्हीं ऐकली. पण तोंपर्यंत ज्यांनीं ऐकावयास हवी होती त्यांतलें कोणीहि उरलें नव्हतें.

मृताच्या घरीं त्या वेळीं सरकारनें कांशाची एक वाटोळी चकती पाठविली. सुमारें पांच इंच रुंद, वर सिंह व ब्रिटानियेची आकृति, आणि हुद्दा न देतां मृताचें नांव. अक्षरें रोमन, घरांत वाचणारें कोणी नाहीं. आमच्या लहानपणीं, १९५० च्या सुमारास, शेजारच्या आळींत एक म्हातारी अशी चकती देव्हाऱ्याखालीं ठेवी आणि दिवाळीस चिंच लावून घांसी. एकदां आम्हां शाळकरी पोरांस बोलावून तिनें अक्षरांवर बोट ठेविलें. "वाचा रे, काय लिहिलंय." आम्हीं वाचलें. नवऱ्याचें नांव तोंडानें घ्यावयाचें नाहीं, ही तेव्हांची रीत. म्हणून चाळीस वर्षें तिनें तें उच्चारलें नव्हतें. ऐकून तिनें मान हलविली, "हां, तेच," एवढें म्हणाली, आणि चकती पुन्हां फडक्यांत गुंडाळली. पुढें ती तांबटाच्या दुकानीं मोडींत गेली असें ऐकतों.

आमचे लोक पलटणीपेक्षां बोटीवर अधिक गेले. गोव्याचे बटलर, कोंकणचे खलाशी, भंडारी आणि आगवाले. ३० डिसेंबर १९१५ रोजीं मुंबईकडे येणारी 'पर्शिया' ही आगबोट क्रीट बेटाच्या दक्षिणेस पाणबुडीनें बुडविली. ५१९ पैकीं ३४३ माणसें गेलीं. समुद्रावांचून दुसरी कबर न मिळालेल्या त्या युद्धांतील दोन हजारांवर खलाशांचें स्मारक मुंबईंत मस्जिद बंदरास खलाशांच्या होममध्यें आहे. त्यावरून रोज हजारों लोक जातात. आंत जाणारे थोडे.

दुसऱ्या महायुद्धांत कांहीं चाल पालटली. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत तैबर नदीच्या खोऱ्यांत एकट्यानें मशीनगनचें ठाणें घेऊन तेथेंच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या मागें मिळाला. त्यांचीहि कबर ठाऊक नाहीं. पण कासिनोच्या स्मारकावर नांव आहे.

आतां आमची विनंति. मयतांच्या नोंदवहीशेजारीं या वर्षापासून दुसरी एक वही ठेवण्यास धर्मगुरूंनीं अनुमति दिली आहे. ज्यांच्या घरीं मेडल, पेन्शनीचा कागद किंवा अशी चकती असेल त्यांनीं ती दाखवावयास आणावी. घर कोणत्याहि धर्माचें असो. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशीं, तीं नांवें वाचलीं जातील. त्या पहिल्या युद्धाच्या मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचें नांव व पलटण असते. आणण्यापूर्वीं तें घांसूं नये.