दिसली होती

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'खेळाने मला काय शिकवले'. दोन दिवस विचार केला. खेळाने मला डाव्या गुडघ्याचं दुखणं दिलं आणि पहाटे उठून परदेशातले सामने बघायची सवय लावली. बाकी काय शिकवलं ते काही नीट सांगता येईना. म्हणून मी विषय बदलून घेतला. मी बास्केटबॉलबद्दल बोलणार आहे, आणि बोलता बोलता तीस वर्षं राहून गेलेली एक माफी मागणार आहे. जिची मागायची ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही. ती आत्ताच डोळे वटारून बघते आहे.

आपलं कोर्ट तुम्हाला आठवत असेल. सायकल स्टँड आणि पाण्याची टाकी यांच्या मधला तो कोबा. नियमाप्रमाणे कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद हवं. आपलं टाकीच्या बाजूला जरा आखूडच होतं, त्यामुळे तिकडे धावत बास्केट करायला गेलं की पुढे टाकीवर हात टेकून थांबायचं. एका बाजूची रिंग वाकलेली. ती कुणी लटकून वाकवली ते मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांना चांगलं माहीत आहे. कऱ्हाडच्या पावसात कोब्यावर शेवाळं धरायचं आणि दरवर्षी आम्ही मुली खराटे आणि ब्लिचिंग पावडर घेऊन ते खरवडायचो. मुलगे यायचे कोर्ट कोरडं झाल्यावर.

सरांनी पहिल्या दिवशी गोष्ट सांगितली होती. १८९१ चा डिसेंबर, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. बाहेर बर्फ, आत कंटाळलेले विद्यार्थी. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, त्याने पीचच्या टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवर. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात सापडते. पण सरांनी त्यातली एक बारीक गोष्ट पकडली होती. नेस्मिथच्या मूळ तेरा नियमांत चेंडू घेऊन धावायला बंदी होती. जिथे चेंडू हातात आला तिथूनच तो दुसऱ्याकडे टाकायचा. ड्रिब्लिंग मागाहून आलं. "म्हणजे या खेळात पास आधी जन्माला आला," असं म्हणून सरांनी पहिला महिनाभर आम्हाला चेंडू जमिनीवर आपटूच दिला नाही. नुसते पास. छातीतून पास, डोक्यावरून पास, एक टप्पा देऊन पास. आम्ही वैतागलो होतो. सकाळी प्रीतिसंगमापर्यंत पळत जायचं, पळत यायचं, आणि मग पास.

आमचा चेंडू मुलांचाच, सात नंबरचा. मुलींचा सहा नंबरचा चेंडू तेव्हा आमच्यापर्यंत आला नव्हता. माझ्या हाताच्या पंजात तो कलिंगडासारखा वाटायचा. हाफ पॅन्टवरून पालकांची बैठक झाली होती, आणि तोडगा म्हणून आम्ही ऑक्टोबरच्या उन्हात ट्रॅक पॅन्ट घालून खेळलो. रिंगखालचा रंगवलेला पट्टा तेव्हा समलंब चौकोन असायचा. २०१० मध्ये तो आयत झाला. गणिताच्या बाई त्याचं क्षेत्रफळ काढायला लावायच्या, बाई, आठवतंय ना? सामना २० मिनिटांच्या दोन भागांत व्हायचा. १० मिनिटांचे चार भाग २००० साली आले, आणि ३० सेकंदांत चेंडू टाकायचा नियम २४ सेकंदांवर आला तोही तेव्हाच.

आता मुद्द्यावर येते. नोव्हेंबर १९९४, कोल्हापूर, विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं गाव, पण मुलींचा बास्केटबॉल बघायलाही माणसं जमली होती. आकड्यांचे पुठ्ठे उलटून गुण दाखवत होते. त्यांचे ३१, आपले ३०. सर बाहेरून सेकंद मोजत होते, आठ, सात. चेंडू माझ्याकडे, उजव्या बाजूला. त्यांच्या दोघी माझ्या अंगावर आल्या. दोघी माझ्याकडे म्हणजे कुणीतरी एक मोकळी, हे गणित सरांनी आमच्या डोक्यात हातोड्याने ठोकलं होतं. आणि ती मोकळी होती. रिंगच्या बरोबर खाली, डावा हात वर करून. तिने माझ्या नावाने दोनदा हाक मारली. हाक मी ऐकली.

मी स्वतः टाकला. पंधरा फुटांवरून, दोन हातांच्या मधून. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला आणि बाहेर. शिट्टी.

सरांनी ओरडा केला नाही. पाण्याची बाटली हातात दिली आणि विचारलं, "ती दिसली नाही का गं?" मी म्हटलं, "नाही दिसली, सर." ती शेजारीच उभी होती.

सर, दिसली होती.

आणि का दिला नाही तेही आज सांगते. राज्याच्या संघासाठी निवड करणारे लोक बाकावर बसले होते. आपल्या शाळेतून एकच मुलगी घेतील अशी कुणकुण सकाळपासून होती. एक म्हणजे ती किंवा मी. ती पाच फूट सात इंच, मी पाच फूट एक. शेवटचा चेंडू तिने टाकला तर नाव तिचं होणार, एवढा हिशोब माझ्या डोक्यात त्या सात सेकंदांत झाला. पुढे आयुष्यात इतका झटपट हिशोब मी कधी केलेला नाही, आणि हिशोब करणं हाच माझा व्यवसाय आहे. निवड दोघींचीही झाली नाही. परतीच्या एस.टी.त मी पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. पेठ नाक्यावर सगळ्या चहाला उतरल्या, मी झोपेचं सोंग घेतलं. मग सहामाही, पूर्वपरीक्षा, बोर्ड. दहावीनंतर ती एका कॉलेजात, मी दुसऱ्या. लग्नांत भेटलो, बारशांना भेटलो. हा विषय कधी निघाला नाही.

जून १९९७. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी मी पुण्यात मामाकडे आले होते. मामाकडे केबल होती. एन.बी.ए.च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, शिकागो विरुद्ध युटा. तिकडे १३ तारखेची, शुक्रवारची रात्र, आपल्याकडे शनिवारची सकाळ. मायकेल जॉर्डनसाठी मी उठले होते, सगळं जग त्याच्यासाठीच उठत होतं. शिकागो मालिकेत ३-२ ने पुढे, सामन्यात दोघांचे ८६-८६, शेवटची काही सेकंदं. चेंडू अर्थातच जॉर्डनकडे. त्याने त्या सामन्यात ३९ गुण केले, तेव्हा तोच टाकणार हे युटालाही ठाऊक. त्यांचा जॉन स्टॉकटन आपला माणूस सोडून त्याच्यावर धावला. म्हणजे पुन्हा तेच, एकाच्या अंगावर दोघं. आणि जॉर्डनने पास दिला. स्टीव्ह कर नावाच्या, त्या संघातल्या मानाने साध्यासुध्या खेळाडूला. त्याने सतराएक फुटांवरून टाकला, गेला. पाच सेकंदं उरली होती. शिकागो ९०-८६ ने जिंकलं.

मला रडू आलं. मामीला वाटलं बारावीच्या मार्कांचं टेन्शन. ती म्हणाली, "होईल गं ॲडमिशन."

पुढच्या वर्षी १९९८ मध्ये पुन्हा हेच दोन संघ, पुन्हा सहावा सामना, आणि ५.२ सेकंदं उरलेली असताना जॉर्डनने स्वतः टाकला. ८७-८६. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल, हॉस्टेलच्या निम्म्या खोल्यांत त्याचं पोस्टर होतं. १९९७ च्या पासचं पोस्टर मला अजून कुठे दिसलेलं नाही. कुणी म्हणेल, मग स्वतः टाकणं चूक कसं? चूक नाहीच. रिंगखाली आपलं माणूस मोकळं आहे की नाही, एवढंच बघायचं असतं. माझं होतं.

कॉलेजात मी तिसऱ्या वर्षापर्यंत खेळले, मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि मी कायमची प्रेक्षक झाले. प्रेक्षक म्हणून मात्र कसर ठेवली नाही. २०१६ च्या मार्चमध्ये कंपनीने कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं. ओकलंडच्या ओरॅकल अरिनात सगळ्यात वरच्या रांगेचं तिकीट काढून गोल्डन स्टेट वॉरियर्सचा सामना पाहिला. त्या मोसमात त्यांनी ८२ पैकी ७३ सामने जिंकले. लोक स्टेफ करीचे तीन गुणांचे फटके बघायला आले होते. मी दुर्बीण भाड्याने घेऊन कोचला बघत बसले. कोच होता तोच, स्टीव्ह कर. २०१४ मध्ये आल्यावर त्याने संघाला सांगितलं होतं की एका सामन्यात ३०० पास झाले पाहिजेत. मी मोजायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या भागात हिशोब चुकला. शेजारच्या बाईंना वाटलं मी सट्टा लावलाय. (त्याच वॉरियर्सनी पुढे अंतिम मालिकेत ३-१ ची आघाडी घालवली. तेवढं दुःख मी मुलाखतींतही सांगते.)

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एन.बी.ए. वरळीच्या डोममध्ये आली, सॅक्रामेंटो आणि इंडियाना. मुलीला घेऊन गेले. तिकिटाची किंमत नवऱ्याला अजून माहीत नाही, आज कळली नाही म्हणजे मिळवली. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, सॉफ्टवेअरवाले, म्हणून मी आमच्या ऑफिसात त्यांचा उल्लेख घरचे असल्यासारखा करते. त्यांचा संघ दोन्ही दिवस हरला. मुलीने विचारलं, "आई, आपल्या मुली कधी जिंकल्या का?" तिला सांगितलं की २०१७ मध्ये बंगळुरूला आपल्या मुलींनी आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ ने हरवलं, आणि त्या संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती. "दोन गुणांनी!" म्हणाली. एका गुणाने हरणं काय असतं ते मी तिला सांगितलं नाही.

तर आता तिसरी रांग. त्या दिवशी तू दिसली होतीस, मी हाकही ऐकली होती, आणि सरांसमोर मी खोटं बोलले. माफ कर. चेंडू मी बरोबर आणला आहे, सहा नंबरचा. उद्या सकाळी साडेसहाला कोर्टवर या, ज्यांना जमेल त्यांनी सगळ्यांनी. वाकडी रिंग अजून वाकडीच आहे, काल बघून आले. गुडघ्याचे पट्टे आपापले आणा.

ता. क. स्मरणिकेच्या संपादकांनी 'पुढे काय झालं' ते लिहायला सांगितलं म्हणून. भाषण झाल्यावर ती म्हणाली, "तू खोटं बोललीस ते मला तेव्हाच माहीत होतं. पाच फूट सात इंचांची बाई न दिसायला काय झालं? चेंडूचं मी केव्हाच सोडलं. पेठ नाक्यावर मी तुझा चहा खिडकीपाशी घेऊन उभी होते आणि तू डोळे उघडले नाहीस, त्याचा राग आहे." हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकरा जण आले, त्यात सात बायका. मी पहिलाच पास तिला दिला. ती रिंगखाली एकटी होती, तरी तिचा चेंडू कडेला लागून बाहेर गेला. सर खुर्चीत बसले होते, तिथूनच ओरडले, "डावा हात! किती वेळा सांगितलं, डावा हात!"