काठी मऊ, नियम कडक

फरी-गदगा हा आपला जुना मर्दानी खेळ. गदगा म्हणजे तलवारीऐवजी घ्यायची कातड्यानं मढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. लहान मुलींच्या सरावासाठी आम्ही बचत गटात काठीवर फोम चढवून कापडी खोळ शिवतो. पण काठी मऊ आहे म्हणून इजा होणारच नाही, असं समजू नका.

सगळ्यात जपायचा तो डोळा. अमेरिकेत फोमच्या तलवारींचे खेळ चालतात. तिथे भोसकायच्या टोकाला अडीच इंची कडं लावून बघतात. टोक अर्ध्या इंचाहून जास्त आत गेलं की हत्यार बाद, कारण ते डोळ्याच्या खोबणीत शिरू शकतं. आम्हीही तसंच कडं ठेवलंय.

दर सरावाआधी काठी अंगठ्यानं दाबून बघा. आतलं लाकूड बोटाला लागलं, तर फोम बसलाय. ती काठी बाजूला ठेवा. चिरलेल्या बांबूला चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका. डोक्यावर, मानेवर वार नाही. ‘थांब’ म्हटलं की दोघींनी थांबायचं.

आणि लेकीला एवढं सांगा, लागलं तर लाजून गप्प बसू नकोस. सहन करणं हा या खेळाचा नियम नाही.