खळ्यावरचे माप



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. कुणी रात्रभराच्या प्रवासाने आलात, कुणी दोन गाड्या बदलून. या टोकाच्या जिल्ह्यात अर्थशास्त्राची परिषद भरवण्याचा आग्रह आम्ही धरला आणि तो आपण मानलात, याचा आम्हाला आनंद आहे.

नंदुरबार हे गाव शिरीषकुमारचे. 1942 च्या सप्टेंबरात तिरंगा हाती घेऊन गोळ्या झेलणाऱ्या शाळकरी मुलांचे हे गाव. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला. दक्षिणेला तापीचे खोरे, उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा. दहांपैकी सुमारे सात माणसे आदिवासी समाजाची. भिल्ल, पावरा, मावची अशी त्यांची नावे. मिरचीची पथारी, नवापूरची तूरडाळ आणि धडगावचे आमचूर ही आमची बाजारातली ओळख.

आमची आणखी एक ओळख आहे आणि ती सांगताना मला संकोच वाटत नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्याच्या पहिल्या मोजणीत, म्हणजे 2015-16 च्या पाहणीवर आधारलेल्या अहवालात, महाराष्ट्रातला सर्वांत गरीब जिल्हा नंदुरबार होता. राज्याचे प्रमाण 15 टक्क्यांच्या आत होते, आमचे निम्म्याहून अधिक. 2019-21 च्या पाहणीत ते बरेच खाली आले, तरीही साधारण तिघांमागे एक माणूस त्यात उरलाच. ‘विकसनशील देशातील दारिद्र्य आणि विषमता : मोजमाप आणि कल’ हा या परिषदेचा विषय आहे. त्याची चर्चा वातानुकूलित सभागृहात होते तशी इथेही व्हावी, एवढीच आमची इच्छा होती. ज्यांची मोजणी होते, त्यांच्या अंगणात बसून मोजणीविषयी बोलावे.

मित्रहो, या विषयाशी मराठी मुलखाचे नाते जुने आहे. 1876 मध्ये दादाभाई नवरोजींनी मुंबईत ‘हिंदुस्थानचे दारिद्र्य’ या विषयावरचा निबंध वाचला. सरकारच्याच कागदपत्रांतून त्यांनी 1867-68 सालचे माणशी उत्पन्न काढले. ते वर्षाला 20 रुपये भरले. मग त्यांनी प्रश्न केला की माणसाला जगायला किती लागते? उत्तरासाठी त्यांनी तुरुंगातल्या कैद्याचा शिधा आणि परदेशी धाडल्या जाणाऱ्या मजुरांचा शिधा समोर ठेवला. मोकळ्या रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे त्यांनी साध्या बेरजेने सिद्ध केले. दारिद्र्यरेषा हा शब्द तेव्हा नव्हता, पण रेषा ओढली गेली होती.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, 1971 मध्ये, पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी तीच रेषा नव्या साधनांनी ओढली. दिवसाला माणशी 2,250 उष्मांक मिळतील एवढा खर्च म्हणजे 1960-61 च्या किमतींनी खेड्यात महिन्याला 15 रुपये आणि शहरात साडेबावीस. या मापाने खेड्यांतली 40 टक्के आणि शहरांतली 50 टक्के माणसे रेषेखाली निघाली. दांडेकर मूळ साताऱ्याचे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी घडवलेली नमुना पाहणीची शिस्त आजही आपल्या कामाचा कणा आहे. पुढे 1979 चा अलघ गट, 1993 ची लकडावाला समिती, 2009 ची सुरेश तेंडुलकर समिती आणि 2014 ची रंगराजन समिती अशी ही वाट चालत आली.

ही वाट मी जाणकारांपुढे मुद्दाम उजळून पाहतो आहे. प्रत्येक टप्प्यावर माप बदलले. मापे बदलणे चूक नाही, काळाप्रमाणे ती बदलावीच लागतात. परंतु नवे माप हाती घेताना जुन्या मापाचा हिशेब मोडला तर कल सांगता येत नाही, नुसते आकडे उरतात. 2011-12 हे एकच वर्ष घ्या. तेंडुलकरांच्या रेषेने देशात 21.9 टक्के गरीब होते, रंगराजन यांच्या रेषेने 29.5 टक्के. वर्ष तेच, देश तोच, आणि फरक सुमारे 9 कोटी माणसांचा. जागतिक बँकेने जून 2025 मध्ये अतिदारिद्र्याची रेषा दिवसाला 2.15 डॉलरवरून 3 डॉलरवर नेली, तेव्हा 2022-23 मधले भारताचे प्रमाण 2.3 टक्क्यांवरून 5.3 टक्के झाले. त्या दिवशी एकही घर गरीब झाले नव्हते.

आता आपल्याला सातपुड्यातल्या एका पाड्यावर घेऊन जातो.

अध्यापनात येण्यापूर्वी मी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 55 व्या फेरीत अन्वेषक म्हणून काम केले. 1999-2000 चे ते वर्ष. धडगावच्या पलीकडे एक पाडा, एक घर या टेकडीवर आणि दुसरे समोरच्या टेकडीवर. जानेवारीची थंडी. कुडाच्या घराबाहेर खाटेवर बसून मांडीवर तक्ता उघडला. समोर घरच्या मावशी, आणि पावरी बोली उलगडून सांगायला शाळेत जाणारा त्यांचा पुतण्या. त्या वर्षीच्या तक्त्यात अन्नाच्या प्रत्येक जिनसेपुढे दोन रकाने शेजारी-शेजारी होते. एक मागच्या सात दिवसांचा, दुसरा मागच्या तीस दिवसांचा.

“गेल्या सात दिवसांत तेल किती लागले?” मावशी आत गेल्या, बाटली घेऊन आल्या आणि काचेवर बोट टेकवून म्हणाल्या, “मागच्या बाजारापासून एवढे.” त्यांचा आठवडा बाजारापासून बाजारापर्यंतचा होता. पावशेराच्या आसपासचा तो आकडा मी मांडला. “आणि तीस दिवसांत?” त्यांनी पुतण्याकडे पाहिले, चार बोटे मिटली आणि सांगितले, चार बाजार, चार वेळा तेवढेच. मी लिहून घेतले. डाळ, मीठ, मिरची, सगळे तसेच.

निघताना बिनदुधाचा चहा आला. तो पिताना मावशी सहज म्हणाल्या की मधल्या एका बाजाराला घरधनी गुजरातेत ऊसतोडीला होते, पैसे आले नाहीत, त्या आठवड्यात घरात तेल नव्हतेच. मी परत बसलो, तक्ता उघडला आणि तीस दिवसांचा आकडा खोडला. चाराचे तीन झाले.

ते घर मी दुरुस्त केले, कारण चहा आला आणि बोलणे निघाले. पण देशभरातल्या लाखाहून अधिक घरांत असाच एका रकान्यातला आकडा दुसऱ्याने ओढून नेला असणार. तीस दिवसांचा खर्च असा फुगला की दारिद्र्य कमी दिसते, आणि पुढे नेमके तेच झाले. 1993-94 मधले 36 टक्के दारिद्र्य 1999-2000 मध्ये 26.1 टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले आणि त्यावर देशात मोठा वाद पेटला. ज्यांना पुढे 2015 मध्ये नोबेल मिळाले त्या अँगस डीटन यांच्यासह अनेकांनी आकडे पुन्हा तपासले. घट खरी होती, पण जाहीर झाली तितकी मोठी नव्हती. दोन रकाने शेजारी ठेवल्याने केवढा फरक पडतो, हे मी त्या अंगणात आधीच पाहिले होते.

त्याच पाड्यावर तीन घरांच्या दाराशी काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या होत्या. कुलूप लावायला काही नव्हते, म्हणून फांदी. ती कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली होती, ती उन्हाळ्यात परतणार. नियमाप्रमाणे त्यांच्या जागी आम्ही दुसरी घरे निवडली, जी गावात राहू शकत होती. म्हणजे स्थलांतराशिवाय ज्यांचे भागतच नव्हते, तेच नमुन्यातून निसटले. आपल्यातल्या तरुण संशोधकांनी ही फांदी लक्षात ठेवावी. आकडेवारीत जे दिसत नाहीत ते नाहीत असे नसते. ते बहुधा उसाच्या फडात असतात.

मंडळी, आजच्या चित्राकडे येतो. 2011-12 नंतर दीर्घकाळ देशाकडे उपभोग खर्चाची जाहीर आकडेवारी नव्हती. 2017-18 ची पाहणी झाली, पण तिच्या दर्जाविषयी शंका आहे असे सांगून सरकारने नोव्हेंबर 2019 मध्ये ती प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला. 2021 ची जनगणनाही वेळेवर झाली नाही. महामारीसारखे संकट येऊन गेले आणि अकरा वर्षे आपण जुन्या मोजणीवर अंदाज बांधत राहिलो. खळ्यावर अकरा सुग्या रास पडावी आणि मापच न चालावे, तसे हे झाले.

2022-23 आणि 2023-24 मध्ये लागोपाठ पाहण्या झाल्या, त्यांचे मी मोकळ्या मनाने स्वागत करतो. 2023-24 मध्ये खेड्यांत माणशी मासिक खर्च 4,122 रुपये आणि शहरांत 6,996 रुपये निघाला. ग्रामीण खर्चातला अन्नाचा वाटा 2011-12 मध्ये जवळजवळ 53 टक्के होता, तो आता 47 च्या आसपास आहे. नीती आयोगाच्या अंदाजाप्रमाणे 2013-14 ते 2022-23 या काळात 24.82 कोटी माणसे बहुआयामी दारिद्र्यातून बाहेर आली. आमच्या पाड्यांवरही वीज, संडास, गॅस, बँकेचे खाते आलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. दारिद्र्य घटले आहे, यात मला शंका नाही. जे घटले ते घटले म्हणावे.

परंतु याच खर्चाच्या पाहण्यांत तळाचा आकडाही आहे. 2022-23 मध्ये खेड्यांतल्या सर्वांत खालच्या 5 टक्के माणसांचा महिन्याचा खर्च सरासरी 1,373 रुपये होता, म्हणजे दिवसाला 46 रुपयांच्या आत. शहरांतल्या वरच्या 5 टक्क्यांचा 20,824 रुपये. शिवाय नव्या पाहणीत तक्त्यांचे तीन भाग केले आणि अन्वेषक घरी तीनदा गेले. ही सुधारणा चांगली आहे, पण तिच्यामुळे 2011-12 शी सरळ तुलना करताना सावध राहावे लागते.

विषमतेचे मोजमाप तर याहून नाजूक. गिनी गुणांक शून्याच्या जवळ गेला तर समता, एकाच्या जवळ गेला तर सारे एकाच्याच घरात. खर्चाच्या पाहणीत ग्रामीण गुणांक 2022-23 मध्ये 0.266 होता, पुढच्या वर्षी 0.237 झाला. शहरी 0.314 वरून 0.284. यावरून भारत समतेकडे निघाला असे म्हणावे, तर जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या 2024 च्या अभ्यासात 2022-23 मध्ये वरच्या 1 टक्का माणसांकडे देशाच्या उत्पन्नातला 22.6 टक्के आणि संपत्तीतला 40.1 टक्के वाटा दिसतो. ही दोन्ही विधाने एकाच देशाविषयी आहेत. खर्चाची पाहणी घरातली कणगी मोजते. श्रीमंताची कणगी भरली की उरलेले शेअर, जमीन आणि कंपन्यांत जाते, ते त्या तक्त्यात येतच नाही, आणि मोठ्या बंगल्यांची फाटके अन्वेषकाला सहज उघडतही नाहीत. खर्चातली दरी अरुंद होत असताना उत्पन्नातली आणि मालमत्तेतली दरी रुंदावू शकते. म्हणून विषमतेचा कल सांगताना कशाची विषमता, हा शब्द कधीही गाळू नये.

कशाचे मोजमाप, याइतकाच मोजणीत कोण येतो हाही प्रश्न आहे. आमच्या शहादे तालुक्यातल्या टेंभलीला 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. माणसाला क्रमांक मिळाला, ही मोठी गोष्ट झाली. पण क्रमांक मिळणे आणि गणतीत येणे वेगळे. गणतीत येणे म्हणजे ज्या आठवड्यात घरात तेल नव्हते, तो आठवडाही देशाच्या वहीत उतरणे. मोफत धान्य कुणाला, रोजगाराची कामे कुठे, वसतिगृहे कोणत्या तालुक्यात, हे सारे त्या वहीवरून ठरते. 2011 च्या जनगणनेवर आजचा रेशनचा कोटा ठरत असेल, तर त्यानंतर जन्मलेले मूल हिशेबाबाहेर राहते.

या परिषदेकडून यजमानांच्या तीन अपेक्षा आहेत. उपभोग खर्चाची पाहणी ठरलेल्या काळाने व्हावी आणि तिचा निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध व्हावा. माप बदलेल तेव्हा निदान एक फेरी जुन्या मापानेही मोजावे, म्हणजे साखळी तुटणार नाही. आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना गाठण्यासाठी फडावर, वीटभट्टीवर, बांधकामावर जाऊन मोजणी व्हावी. या तिन्ही गोष्टी ठरावाच्या रूपाने पुढे जाव्यात, अशी स्वागत समितीची विनंती आहे.

आमच्याकडे खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मोजणी सुरू होते ती शुभ शब्दाने. मात्र ते माप शेवटच्या दाण्यापर्यंत तेच राहते. मध्येच लहान-मोठे केले तर बलुतेदाराचा वाटा बुडतो, हे निरक्षर कुणब्यालाही ठाऊक असते. देशाच्या राशीचे मापही तसेच असावे.

दोन दिवस आपण आमचे पाहुणे आहात. भाकरी, नवापूरच्या तुरीची आमटी, आमचुराची चटणी, असे साधे जेवण आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. उद्या दुपारी आम्ही धडगावच्या बाजाराला नेणार आहोत. तिथे कुणाशी तरी दोन शब्द बोला, आणि मगच आपापले निबंध पुन्हा एकदा वाचा.