वडाखाली बसणं

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मला दिलेला विषय आहे ‘धर्म आणि आपण’. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर जायची वाट बायकांना २०१६ मध्ये कोर्टाच्या निकालानंतर मोकळी झाली, तेव्हा मीही पेढे वाटले. पण मला स्वतःला त्या चौथऱ्यावर जायचं नव्हतं. मग कुठे जायचं होतं? आज त्याबद्दल बोलते. संकोच वाटतो, कारण आपल्या बैठकीत कुणी ‘अध्यात्म’ शब्द काढला की आपण एकमेकींकडे बघून हसतो. मीही हसलेली आहे.

एम.एस.डब्ल्यू. करून संस्थेत लागले तेव्हापासून दर वटपौर्णिमेला माझं भाषण ठरलेलं. सात जन्म तोच नवरा कशाला, फांद्या तोडून बाजारात का विकता, वगैरे. २०१७ मध्ये माझा नवरा अपघातात गेला. पुढच्या वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, “उद्या सकाळी ओढ्याकडनं जाऊ नकोस गं, वडापाशी बायका असतात.” अगदी मायेनं म्हणाल्या. जे व्रत मी कधी केलं नाही, त्यातून मला वगळलं म्हणून मी रात्रभर रडले. गटात कुणाला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

चार दिवसांनी त्या वडाखाली जाऊन बसले. बुंध्याला सूत तसंच होतं, खाली आंब्याच्या कोयी, प्लॅस्टिकच्या पिशव्या. काही मागितलं नाही. मागायला समोर कुणी नव्हतंच. उठले तेव्हा श्वास जरा खोल जात होता, एवढंच. मग जातच राहिले.

पुढे वडाबद्दल वाचलं. त्याची फुलं आपल्याला दिसत नाहीत, ती फळाच्या आत असतात. चिलटाएवढी एक माशी बारीक भोकातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती आत अंडी घालून मरते, आणि तिच्या लेकी परागकण घेऊन बाहेर पडतात. ती माशी नसेल तर वडाला बी धरत नाही. (यातून कुणी मातेचा त्याग वगैरे काढू नका. माशी ती माशी.) हे वाचलं तेव्हा मला हात जोडावेसे वाटले. सावित्रीची गोष्ट ऐकताना कधी वाटले नव्हते. कुणाला जोडायचे, ते मात्र विचारू नका.

आता हे सगळं फार गोड होतंय, म्हणून दोन गोष्टी सांगते. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. त्यांची भाकरी घेऊन आवली डोंगर चढायची, वाटेत तिच्या पायात काटा मोडला, असं आपण कीर्तनात ऐकतो. डोंगरावरची शांतता त्यांना मिळाली, चढ तिच्या वाट्याला आला. आपल्यातली कुणी तासभर बाहेर बसायचं म्हणाली, तर घरी भाकरी कोण करणार?

दुसरी गोष्ट आमच्या गटातल्या एका बाईची. मी वडाचं सांगत होते, तर ती म्हणाली, “ताई, तुम्हाला झाडाखाली शांत वाटतं. मला झाड बघितलं की सरपणाची मोळी दिसती.” मी गप्प बसले. माझ्याकडे गॅस आहे. निसर्गात देव सापडला म्हणणं सोपं आहे, पण आपलं पोट ज्या रानावर आहे, त्यात बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी द्यावा लागतो. आपण पाणी, सरपण, पाळणाघर मागतो, त्या मागण्यांना मी हल्ली यासाठीही जोडून बघते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. चांगलंच झालं. आमच्याकडे अजून तसा ठराव नाही. पण रविवारी सकाळी आम्ही पाचजणी वडाखाली जातो. चार विधवा आणि एक नवऱ्यानं टाकलेली. आरती नाही, पोथी नाही, गाऱ्हाणीसुद्धा नाहीत, ती सोमवारी ऑफिसात. मोळीवाली बाईही येते. येताना सरपण गोळा करते, जाताना आम्ही सगळ्या थोडं थोडं उचलतो.

मागच्या महिन्यात तिच्या दिरानं विचारलं, “तिथं करता काय?” ती म्हणाली, “बसतो.” त्याला ते खरं वाटलं नाही. पुढच्या रविवारी ओढ्यापलीकडे उभा राहून तो पाऊण तास बघत होता.